मदत हवी आहे: रस्टिक (गावाकडच्या साध्या, ओबडधोबड धाटणीचं) स्वयंपाकघर, उघडी वीट आणि जुन्या दाराच्या फळ्यांचा ओटा

नमस्कार मंडळी,

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलंय. खोली 3 मीटर बाय 2.4, खिडकी एकच, सिंकवर. जुनं दार काढलं त्यात चार सेंटीमीटर जाडीच्या फळ्या निघाल्या, खिळ्यांच्या भोकांसकट. त्या बघूनच खूळ शिरलं: शेगडीमागची भिंत गिलावा खरवडून उघड्या विटेची, फळ्यांचा ओटा, खाली टेराकोटाच्या झिलई नसलेल्या लाद्या.

आईने एवढंच विचारलं, "ती वीट पुसणार कोण?" उत्तर सुचेना, म्हणून इथे आले. फोटोंतल्या असल्या स्वयंपाकघरांत कधी फोडणी पडलेली दिसत नाही!

वीट तेलकट होईल का? सिंकजवळ लाकूड चालेल? फळ्यांना एका बाजूने हिरव्या रंगाचे थरावर थर आहेत, ते घासून काढू ना?

प्रतिसाद 1:
ताई, रंगाला आधी हात लावू नका. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते. तपासून घ्या. शिसं निघालं तर त्या फळ्या ओट्याला नकोतच.

प्रतिसाद 2:
आईंचं बरोबर आहे. वीट तेल पिते, मग कितीही घासा. शेगडीमागे गुळगुळीत दगड किंवा लाद्या लावा, वीट समोरच्या भिंतीला उघडी करा. तिथेही ओल असेल तर लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटेल, आधी ओल थांबवा. वर वाफ बाहेर जाऊ देणारं सीलर (विटेची छिद्रं झाकणारा लेप) लावा, प्लास्टिकसारखा थर नको.

प्रतिसाद 3:
सिंक आणि शेगडीभोवती दगड, मधल्या कोरड्या भागात लाकूड. मी असंच केलंय. दमट हवेत फळी रुंदीत फुगते, म्हणून खालून लांबट भोकांच्या पट्ट्यांनी बसवायला सांगा. घट्ट आवळली तर चिरते. सुतार "काही होत नाही" म्हणेल, ऐकू नका. जवसाचं तेल लावणार असाल तर डब्यावर 'बॉइल्ड' लिहिलेलं टाळा, त्यात बहुधा धातूंचे क्षार असतात. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

धागाकर्ती:
फडक्यांचं ऐकून धडकीच भरली. वीट समोरच्या भिंतीला, हे ठरलं. आई खूश. रंग तपासेपर्यंत फळ्या गच्चीवर झाकून ठेवल्यात. आता लाद्यांचं सांगा: सीलर सांधे भरायच्या आधी की नंतर?

प्रतिसाद 2:
आधी एक हात, नाहीतर सांध्यांचा माल लादी शोषून घेते आणि डाग निघत नाहीत. सांधे वाळल्यावर दुसरा.