मदत हवी आहे: शिळाछापात खरवडलेल्या पांढऱ्या रेषा बुजतात

नॉर्वेजियन चित्रकार एडवर्ड मुंकच्या ‘मॅडोना’च्या (१८९५) धर्तीवर लिथो (शिळाछापाच्या) दगडावर काम चालू आहे. त्या छापात चरबीयुक्त क्रेयॉन, टुश (चरबीयुक्त पातळ शाई) आणि सुई तिन्ही आहेत: मिटलेले, खोल गेलेले डोळे, भोवती काळोखाच्या लाटा, कोपऱ्यात कवटीसारखा गर्भ. बाई देखणी की मेलेली, हे सुईने खरवडलेल्या बारीक पांढऱ्या रेषांवर ठरतं. नेमक्या त्याच भरून येतात.

करडा दगड २२० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायची पूड) घासला. टुश २४ तास वाळवून सुईने खरवडली. राळ, टाल्क, मग ३० मिली डिंकपाण्यात १५ थेंब नायट्रिक अ‍ॅसिड, तीन मिनिटं (मोकळ्या दगडाने शाई धरू नये म्हणून). पहिले पाचसहा छाप लख्ख, दहाव्याला रेषांत करडं धुकं, पुढे ठार काळं. स्पंजने ओल वाढवली की क्रेयॉनचे मऊ टोन उडतात. शाई मॅग्नेशियम कार्बोनेट घालून घट्टच ठेवली आहे.

संशय असा की चरबी दगडात मुरली आहे, सुईने फक्त वरचा थर निघाला. मग फक्त रेषांवर ब्रशने २५ थेंब अ‍ॅसिडचं तेच द्रावण द्यावं का? आधी डिंकाने रेषा राखून वर टुश लावली तर कड गुळगुळीत येते, सुईचा ओरखडा जातो. ओरखडा हवाच आहे. कोणी खोल खरवडून पाहिलंय? किती खोल?