होखस्खोल आणि विद्यापीठ यांतील फरक

‘द हेग युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’ ही नेदरलँड्समधील संस्था तिथल्याच लायडन या संशोधन विद्यापीठासारखेच विद्यापीठ समजावी का, या आपल्या प्रश्नाला थोडी जोड देतो. डच लोक तिला ‘होखस्खोल’, म्हणजे व्यवसायाभिमुख उच्चशिक्षण देणारी संस्था, म्हणतात आणि हा शब्द नीट समजला की बराच गोंधळ मिटतो. संशोधनप्रधान विद्यापीठाची पदवी साधारणपणे ३ वर्षांची व १८० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते, तर होखस्खोलची ४ वर्षांची व २४० श्रेयांकांची, कारण तिथे कंपनीत किंवा कार्यालयात केलेले प्रत्यक्ष काम हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला जातो. मात्र एक वर्ष जास्त म्हणून पदवी वरचढ, असा हिशेब तिथे चालत नाही; उलट संशोधन विद्यापीठात मास्टर्सला जाताना होखस्खोलच्या पदवीधराला बहुधा ‘प्री-मास्टर’ हा पूरक अभ्यासक्रम आधी पुरा करावा लागतो.

आपल्या भाचीला ‘आंतरराष्ट्रीय व युरोपीय कायदा’ हा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम खुणावतो आहे, हे साहजिकच आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालय त्याच द हेग शहरात आहे. परंतु परदेशी कायदा पदवीवर भारतात वकिली करायची, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच तपासलेले बरे.