‘खासगी’ स्टेडियम, सोडलेला अरीना आणि ‘संपणे–संपवणे’चा घोळ

कानामात्रा:
स्टेडियमच्या अर्थकारणावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि तीन ठिकाणी अडलेय. पहिलं ‘प्रायव्हेटली फायनान्स्ड’. मी सवयीने ‘खासगी पैशातून बांधलेलं’ लिहिलं, पण लेखातला हिशेब वाचत पुढे गेले तसा माझाच शब्द मला खोटा वाटू लागला. दुसरं ‘अरीना’. लेखक स्टेडियम आणि अरीना वेगळे धरतो. मी दोघांना ‘क्रीडागार’ म्हणून मोकळी होऊ का? तिसरं म्हणजे नवीन बांधून झाल्यावर जे मागे उरतं, त्याला काय म्हणायचं? ‘जुनं स्टेडियम’ म्हटलं तर वाटतं अजून चालू आहे, फक्त वय झालंय. ‘माजी स्टेडियम’ म्हटलं की हसू येतं.

खोडरबर:
दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तेवढंच मला नक्की येतं. अरीना हा लॅटिन ‘हारेना’, म्हणजे वाळू. रोमन रिंगणात रक्त शोषून घ्यायला वाळू पसरत, आणि खालच्या त्या थराचं नाव हळूहळू अख्ख्या इमारतीला चिकटलं. स्टेडियम ग्रीक ‘स्टॅडिऑन’वरून. ते मुळात लांबीचं माप. ऑलिंपियातली धावपट्टी साधारण १९२ मीटरची होती. म्हणजे एकाचं नाव मातीवरून पडलं, दुसऱ्याचं अंतरावरून. आज वापरात फरक उरलाय तो छपराचा आणि आकाराचा: बास्केटबॉल, आइस हॉकी असलं बंदिस्त ते अरीना, फुटबॉल, बेसबॉल असलं मोठं ते स्टेडियम.

अर्थाने अरीनाला सगळ्यांत जवळचा आपला शब्द ‘आखाडा’. तो संस्कृत ‘अक्षवाट’वरून आला. म्हणजे आधी फाशांची जागा, मग कुस्तीची. पण राजकारणाने आणि साधूंनी तो इतका व्यापलाय की बास्केटबॉलला आत जागा नाही. ‘अरीना’च ठेवा. फक्त कृपा करून ‘अरीनात’ लिहू नका. कॅमेरा–कॅमेऱ्यात, सोफा–सोफ्यात, तसं अरीना–अरीन्यात.

कानामात्रा:
‘अरीन्यात’ ऐकून मला घसा खवखवल्यासारखं झालं.

खोडरबर:
‘कॅमेऱ्यात’ पहिल्यांदा म्हणणाऱ्यालाही झालं असेल.

हिशेबनीस:
पहिल्या शब्दावर बोलतो, पोटापाण्याचा विषय आहे. फायनान्स करणं म्हणजे पैसे देणं नव्हे, पैसे उभे करणं. घर कर्जाने घेतलं तर फायनान्स बँकेचं, पण हप्ते भरतो आपण. मराठीत ‘पैशातून बांधलं’ म्हटलं की उभारणी आणि फेड या दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदात कोंबल्या जातात. स्टेडियमच्या बाबतीत भांडण नेमकं त्या दोघांच्या मधल्या फटीत असतं.

न्यूयॉर्कचं २००९चं यांकी स्टेडियम घ्या. रोखे काढले सरकारी यंत्रणेने, त्यामुळे त्यावरचं व्याज करमुक्त आणि कर्ज स्वस्त. फेड संघ करतो. पण ती फेड मालमत्ता करासारखी दाखवली आहे. कागदावर तिचं नाव ‘कराऐवजीची देणी’. संघ म्हणतो, पैसे आमचे. टीकाकार म्हणतात, हा तर कराचाच पैसा, फक्त तिजोरीत न जाता परस्पर स्टेडियमच्या कर्जात वळवला. दोघंही धडधडीत खोटं बोलत नाहीत.

हा द्राविडी प्राणायाम का, तर अमेरिकेच्या १९८६च्या करकायद्यामुळे. स्टेडियम मुख्यतः एकच संघ वापरणार असेल, तर कर्जफेडीतला दहा टक्क्यांहून जास्त भाग खासगी देण्यांतून येता कामा नये. आला तर रोख्यांची करमुक्ती गेली. हेतू असा की शहरांनी मालकांसाठी स्वस्त कर्ज काढू नये. झालं उलटंच. करमुक्ती टिकवायची म्हणून शहरं संघाकडून भाडंच कमी घेऊ लागली आणि फेडीचा बोजा सार्वजनिक पैशावर आला. आणि ज्यांना संघाकडूनच फेड हवी होती त्यांनी तिला कराचं सोंग दिलं, म्हणजे ती ‘खासगी देणी’ ठरत नाही.

म्हणून कानामात्रा, तुमच्या वाक्यात काय सांगायचंय ते आधी ठरवा. पैसा कुणी उभा केला, फेडतो कोण, आणि बुडाला तर कुणाचा बुडतो. सॅन फ्रान्सिस्कोचं चेस सेंटर (२०१९) किंवा इंगलवूडचं सोफाय स्टेडियम (२०२०) यांच्या बांधकामापुरतं ‘मालकांनी स्वतः पैसा उभा करून बांधलेलं’ म्हणता येईल. ‘खासगी पैशातून’ हे शब्द मी तरी टाळेन.

पूर्णविराम:
‘खासगी’ला इतकं लावून बोलू नका, त्या शब्दाचा इतिहास तुमच्याच बाजूने आहे. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ अशा दोन वेगळ्या तिजोऱ्या होत्या. दौलत राज्याची, खासगी राजघराण्याची. पण खासगीतला पैसा काही आकाशातून पडत नव्हता. तिला लावून दिलेल्या गावांच्या महसुलातूनच तो यायचा. म्हणजे पैसा मुळात कुणाकडून आला हे ‘खासगी’ हा शब्द तेव्हाही सांगत नव्हता. खर्च कुणाच्या हुकमाने होतो, एवढंच सांगत होता. स्टेडियमला तो तंतोतंत बसतो, फक्त आजच्या वाचकाला ‘खासगी’ म्हणजे ‘सरकारचा संबंध नाही’ असं वाटतं. दोष शब्दाचा नाही.

हिशेबनीस:
हे आवडलं. ‘खासगीतलं स्टेडियम’!

कानामात्रा:
आता मूळ तीन सोडून चौथा. ‘पर्सनल सीट लायसन्स’. मी ‘वैयक्तिक आसन परवाना’ लिहिलं आणि स्वतःलाच कळेना. बसायचं लायसन्स?

खोडरबर:
ती पागडी आहे.

म्हणजे असं बघा. हे तिकीट नाही. त्या खुर्चीचं तिकीट दर मोसमात विकत घेण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क मिळवायला आधी रोख मोजायची. नंतर तो दुसऱ्याला विकता येतो. तिकिटाचे पैसे वेगळे. नव्वदच्या दशकात कॅरोलिना पँथर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने स्टेडियम बांधायला हा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला, मग बाकीचेही त्या वाटेने गेले. ‘मालकांनी उभा केलेला पैसा’ म्हणतात त्यातला बराचसा असा स्टेडियम उभं राहायच्या आधीच प्रेक्षकांकडून आलेला असतो. भाडं वेगळं आणि भाडेकरू होण्याचा मान मिळवायला दिलेली रक्कम वेगळी, हे सांगणारा शब्द मराठीत तयार असताना ‘आसन परवाना’ कशाला?

हिशेबनीस:
पागडीला टेबलाखालून दिल्याचा वास आहे. हे व्यवहार उघड, छापील करारावर होतात.

खोडरबर:
मग ‘उघड पागडी’ म्हणा. वास थोडा राहिला तर बिघडत नाही.

पूर्णविराम:
आता मी तुम्हाला पाचवा शब्द देतो, जो कुणी विचारला नाही, पण या सगळ्या विषयात ज्याच्यावर सगळ्यांत जास्त पैसा लागला होता. ‘टर्मिनेट’.

गोल्डन स्टेट वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ ओकलंडच्या अरीन्यात (खोडरबर, खूश?) खेळायचा. इमारत १९६६ची. १९९६–९७मध्ये ती आतून जवळजवळ नव्याने बांधली. कर्ज सार्वजनिक संस्थेने काढलं आणि संघाने तिथे खेळताना दरवर्षी त्याच्या फेडीत भर घालायची, असा करार झाला. पुढे संघाने खाडीपलीकडे स्वतःच्या पैशाने चेस सेंटर बांधलं आणि २०१९मध्ये तिकडे गेला. ओकलंडच्या कर्जाचे सुमारे चार कोटी डॉलर तेव्हा फिटायचे होते.

संघाने करार ‘टर्मिनेट’ केला तर उरलेलं कर्ज त्याने फेडत राहायचं, असं करारात होतं. संघाचं म्हणणं पडलं: आम्ही कुठे काय टर्मिनेट केलं? मुदत भरली, आम्ही नूतनीकरण केलं नाही, करार आपोआप संपला. समोरची बाजू म्हणाली, निघून तुम्ही गेलात, तेव्हा कर्ज तुमचं. प्रकरण लवादाकडे गेलं. इंग्रजीत त्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ होतात, संपणं आणि संपवणं. मग करारापूर्वीच्या वाटाघाटींचे कागद उघडले गेले आणि २०१८मध्ये निकाल लागला की संघाने पैसे भरावेत. पुढे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला.

माझा मुद्दा असा की हा खटला मराठीत उभाच राहिला नसता. आपण ‘करार संपला’ म्हणतो नाहीतर ‘करार संपवला’. तो एक ‘व’ घालायचा की नाही, हे सही करण्याआधीच ठरवावं लागलं असतं. चार कोटी डॉलरचा ‘व’.

कानामात्रा:
अंगावर काटा आला, कारण माझ्या लेखात नेमका हाच प्रसंग आहे आणि मी काल रात्री बिनदिक्कत ‘संघाने करार संपवल्यास’ असं लिहून झोपले. म्हणजे मी एका ओळीत निकाल देऊन टाकला. ‘संपल्यास’ लिहिलं असतं तर उलटा दिला असता.

खोडरबर:
‘संपुष्टात’?

कानामात्रा:
त्याच्यापुढेही ‘येणे’ की ‘आणणे’ आहेच.

पूर्णविराम:
‘कराराची समाप्ती झाल्यास’. क्रियापदाला कर्ता विचारता येतो, नामाला नाही. सरकारी मराठीत इतकी नामं का असतात ते आता कळलं असेल. एरवी मी त्यांचा शत्रू आहे, पण मूळ संदिग्धता जशीच्या तशी उतरवायची तर इथे तत्सम नामाला पर्याय नाही.

हिशेबनीस:
मागे उरणाऱ्या वास्तूंकडे या आता. सिॲटलचा किंगडोम १९७६मध्ये सुरू झाला, मार्च २०००मध्ये सुरुंग लावून पाडला. त्याचं कर्ज फिटलं २०१५मध्ये. पंधरा वर्षं लोक नसलेल्या घुमटाचे हप्ते भरत होते. न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम २०१०मध्ये पाडलं तेव्हा त्याच्यावरही दहा कोटी डॉलरहून जास्त देणं होतं, आणि शेजारी संघांनी स्वतःच्या खर्चाने बांधलेलं नवं स्टेडियम त्याच वर्षी सुरू झालं. नवं खासगी, जुन्याचं देणं सार्वजनिक. मराठीत ‘वास्तू गेली, बोजा राहिला’ म्हणू. सातबाऱ्यावरचा बोजा.

मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम अजून उभं आहे, पण १९७६च्या खेळांचा खर्च फिटायला २००६ उजाडलं. तंबाखूवर कर लावून फेडला. त्याचं लाडाचं नाव ‘बिग ओ’. गोल आकाराचा ‘ओ’, ऑलिंपिकचा ‘ओ’. इंग्रजीत ‘देणं लागणे’ या क्रियापदाचा उच्चारही ‘ओ’च, म्हणून लोकांनी एक-दोन अक्षरं वाढवली आणि उच्चार तोच ठेवून टोमणा मारला. याला मराठी काय?

खोडरबर:
क्रीडागार, कर्जागार.

कानामात्रा:
लेखात घेतेय. पैसे मिळणार नाहीत.

पूर्णविराम:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच देता येणार नाही, कारण मागे उरलेल्यांची गत एकसारखी नाही. लंडनमध्ये आर्सेनल २००६मध्ये हायबरी सोडून गेला. तिथे आता सदनिका आहेत, आणि मैदान होतं तिथे त्या घरांची बाग. टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स १९३१चं, हॉकी संघ १९९९मध्ये निघाला. खाली किराणा मालाचं मोठं दुकान आणि वर विद्यापीठाचा बर्फाचा रिंक आहे. बर्फाच्या मधोमध जिथे खेळ सुरू व्हायचा, ती जागा दुकानाच्या फरशीवर लाल ठिपक्याने दाखवली आहे. सिॲटलमध्ये तर १९६२च्या अरीन्याचं छप्पर तेवढं हवेत तोलून धरलं आणि खालचं सगळं उकरून खासगी पैशाने (माफ करा, हिशेबनीस) २०२१मध्ये नवा अरीना केला. त्याला जुना म्हणणार की नवा? आणि ह्यूस्टनचा ॲस्ट्रोडोम. १९६५चा. त्याचं रूपांतर करून पुन्हा वापरात आणण्यासाठी रोखे काढायला मतदारांनी २०१३मध्ये नकार दिला, आणि २०१७मध्ये राज्याने त्याला वारसा म्हणून संरक्षण दिलं. आता वापरता येत नाही आणि पाडणंही अवघड.

जाता जाता: ‘ॲस्ट्रोटर्फ’ हा शब्द तिथलाच. प्लास्टिकच्या अर्धपारदर्शक छपराखाली खरं गवत मेलं, म्हणून १९६६मध्ये कृत्रिम घातलं. पुढे राजकारणात ‘ॲस्ट्रोटर्फिंग’ म्हणजे पैसे देऊन उभी केलेली, जनतेची वाटणारी चळवळ. स्टेडियमला पाठिंबा गोळा करताना हा शब्द विरोधकांच्या कामी येतो.

खोडरबर:
‘पांढरा हत्ती’ नको मात्र. तो बाहेरून आलेला वाक्प्रचार आहे, आणि हत्ती निदान जागचा हलतो तरी.

हिशेबनीस:
‘पडीक’ ॲस्ट्रोडोमला चालेल, हायबरीला नाही. ‘सोडलेलं स्टेडियम’ म्हणा. ‘सोडलेलं’ म्हटलं की वाचक लगेच विचारतो, कुणी सोडलं? आणि उत्तर वाक्यात द्यावंच लागतं. पुढे दुकान झालं की घरं, ते वेगळं सांगा.

कानामात्रा:
अनुवाद पाठवला होता, आज संपादकांकडून परत आला. ‘सोडलेला अरीना’ राहिला. ‘उघड पागडी’ अवतरणांत राहिली. ‘समाप्ती’ राहिली, वर शाबासकीही मिळाली. ‘कर्जागार’ गेलं. आणि ‘अरीन्यात’ सगळीकडे बदलून ‘अरीनामध्ये’ केलंय.

खोडरबर:
‘मध्ये’ लावून सामान्यरूप बुडवणं याला कुठल्या कायद्यात करचुकवेगिरी म्हणतात ते हिशेबनीसांनी सांगावं.