मदत हवी आहे : हेपॅटायटिस बी बरी करणारी लस खरंच आली आहे का? भावाने गोळी बंद केली आहे

गौरी_कृष्णाकाठ

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी गणपतीत मंडळाच्या रक्तदान शिबिरात त्याने रक्त दिलं आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटून जा म्हणून. एचबीएसएजी (व्हायरसच्या पृष्ठभागाचं प्रथिन) पॉझिटिव्ह, म्हणजे हेपॅटायटिस बी, लिव्हरचा आजार. आमच्याकडे याला पांढरी कावीळ म्हणतात. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. बाबा आणि मी निगेटिव्ह, आई पॉझिटिव्ह. जन्माच्या वेळी आईकडूनच आली असणार असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आई त्याला वाढायच्या आधी दर वेळी साबणाने हात धुते. जेवणातून हे पसरत नाही असं शंभरदा सांगून झालं. ती ऐकून घेते आणि पुन्हा हात धुते.

दोन वर्षांपासून भावाला व्हायरस दाबणारं टेनोफोविर चालू आहे, रोज एक गोळी. व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) आता सापडत नाही, सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) चांगले आहेत. पण एचबीएसएजी आहेच, मागच्या वेळी मोजलं तेव्हा ३४०० आलं.

गेल्या महिन्यात त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. त्याने पहिल्याच भेटीत मुलीकडच्यांना आजार सांगून टाकला. मुलीची काही हरकत नव्हती. तिच्या वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "पण हे कधी पूर्ण जाणार का?" त्यावर भावाला काही बोलता आलं नाही. त्यानंतर त्याने रात्र रात्र मोबाइलवर शोधायला सुरुवात केली आणि त्याला एक सेंटर सापडलं. परदेशी उपचारात्मक लस, सहा इंजेक्शनं, १ लाख ८० हजार रुपये आणि निगेटिव्ह रिपोर्टची हमी. पहिलं इंजेक्शन त्याने मला न सांगता घेऊनही टाकलं. लस लागू पडायची तर गोळी थांबवा, असं त्याला तिथे सांगितलं. आज २७ तारीख. गोळ्यांची डबी एक तारखेला उघडलेली, तीस गोळ्यांची. मी मघाशी मोजल्या, आत २२ आहेत.

अशी लस खरंच आहे का? नसेल तर मग शोधलं की इतकं सगळं कसं दिसतं? त्यात परदेशी विद्यापीठांची नावंही आहेत. मी नुसतं "फसवणूक आहे" म्हटलं तर तो ऐकणार नाही. त्याला नीट कारण द्यावं लागेल. कोणाला खात्रीने माहीत असेल तर कृपया लिहा.

समीर_के

गौरीताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी त्याच्या डॉक्टरांना फोन करा. उद्यावर टाकू नका. मी स्वतः हेपॅटायटिस बी चा पेशंट आहे. २०१६ मध्ये सगळे रिपोर्ट चांगले आले म्हणून मी आपल्या मनाने गोळी सोडली. अडीच महिन्यांत एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) अकराशेच्या वर, डोळे पिवळे, नऊ दिवस दवाखान्यात. गोळी व्हायरसला दाबून ठेवते. दाब निघाला की तो उसळतो आणि काही जणांचं लिव्हर त्यात निकामी होतं. आपण किती दिवस बंद केली हे भावाला डॉक्टरांना खरं सांगू द्या, ओरडा बसला तरी चालेल.

अनुजा_म्युनिक

समीर यांनी लिहिलंय ते पहिलं करा. मी रोगप्रतिकारशास्त्रात काम करते, डॉक्टर नाही. तुम्ही कारण मागितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा भाऊ शोधतोय ती कल्पना खोटी नाही. रोग होऊ नये म्हणून देतात ती प्रतिबंधक लस आणि झालेला रोग हटवण्यासाठी द्यायची ती उपचारात्मक लस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेपॅटायटिस बी ची प्रतिबंधक लस १९८० च्या दशकापासून आहे आणि ती उत्तम चालते. उपचारात्मक लशीवर जगात बरीच वर्षं काम चालू आहे. तरीही आज भारतात जुनाट हेपॅटायटिस बी वर उपचार म्हणून मंजूर झालेली एकही लस नाही.

का नाही, ते सांगते. हा व्हायरस लिव्हरच्या पेशीत शिरतो आणि पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक गोल कडं करून ठेवतो. जमिनीवर ताबा मिळवून सातबाऱ्यावर नाव चढवून घेतल्यासारखं आहे हे. टेनोफोविर नव्या प्रती निघणं थांबवतं, पण ते नाव खोडू शकत नाही. म्हणून व्हायरल लोड शून्य होतो आणि एचबीएसएजी राहतं. गोळीवर असलेल्यांपैकी वर्षाला जेमतेम शंभरात एकाचं एचबीएसएजी जातं.

दुसरी अडचण मला जास्त अवघड वाटते. हा व्हायरस आपल्या पृष्ठभागाच्या प्रथिनाचे पोकळ गोळे रक्तात सोडत राहतो, एका खऱ्या व्हायरसमागे हजारापासून लाखापर्यंत. वर्षानुवर्षं तेच प्रथिन समोर असल्यावर त्याच्याशी लढणाऱ्या टी पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) थकतात, काही नाहीशाच होतात. मोठ्या माणसाला पहिल्यांदा लागण झाली तर शंभरातले पंचाण्णवहून जास्त जण आपोआप बरे होतात. जन्मतः लागण झालेल्यांत मात्र नव्वदहून अधिक जणांत ती कायमची राहते, कारण त्या शरीराने शत्रूला घरचाच म्हणून ओळखलेलं असतं. लशीचं काम असतं शरीराला शत्रूची ओळख करून देणं. इथे ओळख तर जन्मापासूनची आहे! जुनी ओळख पुसून नवी करून द्यायची, हे खरं काम.

आणि ते जमलंच, तर तेही जपून करावं लागतं. जाग्या झालेल्या टी पेशी व्हायरस असलेली लिव्हरची पेशीच मारतात. निम्म्या लिव्हरमध्ये व्हायरस असेल आणि सगळीकडे एकदम हल्ला झाला, तर पेशंटच दगावेल.

शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या वेन युमेई यांच्या गटाचा अनुभव भावाला जरूर वाचून दाखवा. त्यांनी व्हायरसचं प्रथिन आणि त्याविरुद्धची अँटिबॉडी जोडून एक लस केली. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सहा डोस दिले, निकाल आशादायक आले. म्हणून तिसऱ्या टप्प्यात ४५० पेशंट घेऊन बारा डोस दिले. २०१३ मध्ये निकाल छापून आला. व्हायरस जोरात असल्याची खूण असलेलं एचबीई प्रथिन जाऊन त्याविरुद्ध अँटिबॉडी येणं, हे लस मिळालेल्यांत १४ टक्क्यांमध्ये दिसलं. लशीशिवाय नुसतं ॲलम (लशीत घालतात तो पूरक क्षार) टोचलेल्यांत २१.९ टक्के! डोस वाढवल्याने थकलेल्या पेशी आणखी थकल्या असाव्यात, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. असा निकाल कुठलाही आडपडदा न ठेवता छापला, याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर आहे. सहा चांगली म्हणजे बारा आणखी चांगली, हा हिशोब इथे लागू पडत नाही, हे त्यांच्यामुळे कळलं.

यीस्टच्या पेशी वापरून केलेली जीएस-४७७४ नावाची लस अमेरिकेत गोळीच्या जोडीने दिली गेली, पण तिनेही एचबीएसएजी लक्षात येण्याइतकं खाली आलं नाही. क्युबातली नॅसव्हॅक नाकातून आणि त्वचेखालून देतात. ढाक्यात तिची १६० पेशंटवर चाचणी झाली. उपचार संपल्यावर २४ आठवड्यांनी व्हायरस दबलेला राहण्यात ती इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली आणि क्युबात तिला मान्यताही आहे. पण एचबीएसएजी पूर्ण निगेटिव्ह झालेले पेशंट तिच्यातही फार थोडे. भावाला "परदेशात मान्यता" असं काही वाचायला मिळालं असेल तर ते बहुधा हेच.

इथे म्युनिकमधून थेरव्हॅकबी नावाचा प्रकल्प चालतो, युरोपीय संघाच्या पैशावर. (मी त्या गटात नाही.) आधी प्रथिनाचे डोस आणि मग निरुपद्रवी केलेल्या वेगळ्याच व्हायरसवर स्वार करून शेवटचा डोस, अशी त्यांची आखणी आहे. ऑक्सफर्डच्या तंत्रावरची व्हीटीपी-३०० ही लस ज्यांचं एचबीएसएजी आधीच शंभर-दोनशेच्या आत होतं, त्यांच्यात आशादायक दिसली. पण २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं, की पुढच्या चाचण्यांसाठी भागीदार शोधावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, त्यातले जवळजवळ ३ कोटी भारतात. यातले बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, म्हणून गुंतवणूक आटते. मला याचा मनापासून राग येतो.

आता भावासाठी सगळ्यात महत्त्वाचं. अशा लशींच्या अलीकडच्या बहुतेक चाचण्यांत गोळी चालू असलेले आणि व्हायरल लोड दबलेला असलेलेच पेशंट घेतात. गोळी बंद करा म्हणणाऱ्याने त्याला लशीपासून लांबच नेलंय.

पराग७९

पण बीसीजी ही क्षयाची लस मूत्राशयाच्या कॅन्सरवर देतात ना? माझ्या काकांना दिली होती. आणि कुष्ठरोगाचीही आपल्याकडे होती असं वाचलंय. मग याचीच का नाही?

अनुजा_म्युनिक

बरोबर आहे पराग. बीसीजी १९७६ पासून मूत्राशयात सोडतात. तिथे जागेवरच दाह निर्माण होऊन कॅन्सरच्या पेशी मारल्या जातात. लिव्हरमध्ये तसा दाह परवडत नाही. कुष्ठरोगासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा विज्ञान संस्थेत प्राण तलवार यांनी लस केली आणि तिला भारतात मान्यता मिळाली. ती देतात नेहमीच्या औषधांच्या जोडीला. औषधं बंद करून नाही.

दत्ता_औषधवाले

मी ३४ वर्षं मेडिकल स्टोअर चालवलं. गौरी, दोन गोष्टी तपास. प्रयोगातली लस असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिच्या चाचणीची नोंद असलीच पाहिजे, २००९ पासून ते सक्तीचं आहे. ही नोंदवही कोणालाही फुकट बघता येते. आणि चाचणीत पेशंटकडून प्रयोगाच्या औषधाचे पैसे घेत नाहीत. उलट इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. १ लाख ८० हजार मागणारा माणूस चाचणी करत नाहीये.

दुसरं, इंजेक्शन दिल्यावर कुपीचं स्टिकर कार्डावर चिकटवलं असेल. त्यावर काय छापलंय ते इथे लिही. कंपनीचं नाव नको.

गौरी_कृष्णाकाठ

दत्ताकाका, कार्ड सापडलं. "हेपॅटायटिस बी लस, रिकॉम्बिनंट, २० मायक्रोग्रॅम, १ मिली."

दत्ता_औषधवाले

ही साधी प्रतिबंधक लस आहे बाळा. निगेटिव्ह माणसाला देतात ती. दुकानात काही शे रुपयांना मिळते. पॉझिटिव्ह माणसाला तिचा अपाय नाही आणि उपयोगही नाही. त्याच्या रक्तात तेच प्रथिन आधीच भरपूर आहे. हीच लस त्या मुलीला द्यायला हवी. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजायची. दहाच्या वर आली की ती सुरक्षित. तिच्या वडिलांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आज कोणाकडे नाही, पण मुलीला लागण होणार नाही, एवढं तरी खात्रीने सांगता येईल.

डॉ_मेघना

मी जिल्हा रुग्णालयात फिजिशियन आहे. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे. त्यात टेनोफोविर आणि तपासण्या मोफत होतात. खाजगीत खर्च होत असेल तर नोंदणी करून घ्या. गोळी पुन्हा सुरू करताना एसजीपीटी, बिलिरुबिन आणि व्हायरल लोड करा, पुढचे काही महिने दर महिन्याला.

गौरीताई, एक विचारते. या सगळ्यात आईंबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय, की त्या हात धुतात. चार वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह आल्यावर त्यांचं पुढे काय झालं? व्हायरल लोड, सोनोग्राफी, काही? त्यांच्या वयात लिव्हरच्या कॅन्सरचा धोका भावापेक्षा जास्त असतो. पन्नाशीपुढच्या पॉझिटिव्ह बाईची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला हवी.

गौरी_कृष्णाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच दिवस लागले, माफ करा.

त्याच रात्री भावाला हा धागा वाचायला दिला. शांघायचा भाग त्याने दोनदा वाचला. कार्डावरच्या स्टिकरचं वाचल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेला, पाणी घेतलं आणि डबीतली गोळी घेतली. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. एसजीपीटी ८६, बिलिरुबिन नॉर्मल, व्हायरल लोड पुन्हा दिसायला लागलाय पण थोडा आहे. गोळी चालू ठेवायला सांगितलं, महिन्याने परत बोलावलंय. सेंटरला त्याने पहिल्या इंजेक्शनचे ३० हजार दिले होते, ते परत मिळतील असं वाटत नाही. पावतीही नाही. तरी लेखी तक्रार देणार आहोत.

मुलीने पहिला डोस घेतला. तिच्या वडिलांना भावाने स्वतः फोन करून सांगितलं, की आज हे पूर्ण जात नाही, गोळी रोज घ्यावी लागेल आणि जगात यावर काम चालू आहे. ते म्हणाले, रविवारी घरी या.

अनुजाताई, त्याने विचारलंय, ३४०० वरून शंभर-दोनशेपर्यंत गोळीने कधी येतं का, की वेगळं औषध लागतं?

डॉक्टर मेघना, तुमचा प्रश्न वाचून मला रडू आलं. आईचं चार वर्षांत काहीच केलेलं नाही. मला काही होत नाही, त्याचं बघा, असं ती म्हणायची आणि आम्ही ते ऐकलं. काल तिची सोनोग्राफी झाली, त्यात काही वावगं नाही. व्हायरल लोडचं रक्त दिलंय, रिपोर्ट गुरुवारी येईल. आला की इथेच टाकते.