प्रतिभाताईंची वकिली: खरी पायरी की नुसती पाटी?

तापीकाठ, रावेर
माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांवरचा कुठलाही लेख उघडा, ‘पेशाने वकील’ हे असतंच. जळगावच्या मू. जे. कॉलेजातून एम. ए., मुंबईच्या लॉ कॉलेजातून पदवी, जळगाव कोर्टात सुरुवात आणि १९६२ मध्ये २७ व्या वर्षी आमदार. यात वकिली केली कधी? नव्या वकिलाची पहिली वर्षं सीनियरच्या फायली सांभाळण्यात आणि तारखा घेण्यातच जातात. १९६२ ला काँग्रेसच्या २६४ पैकी २१५ जागा आल्या. तिकीट मिळालं की निम्मी निवडणूक झाली, असा तो काळ. काळ्या कोटाचं त्यात काय?

पिंप्राळेकर
भाऊ, मग ते तिकीट मागायला जळगावात पुरुष कमी होते का? पक्षाने लग्नही न झालेली मुलगी निवडली (लग्न १९६५ चं). कोर्टात उभं राहून बोलणाऱ्या बाया तेव्हा जिल्ह्यात किती होत्या?

तापीकाठ, रावेर
कॉलेजात त्या टेबल टेनिसही खेळायच्या. मग ‘पेशाने खेळाडू’ लिहायचं का?

बाररूम, धुळे
मी स्वतः प्रॅक्टिस करतो. पक्षकार थोडे असतील, पण कायदा शिकलेला माणूस विधेयक हातात आलं की कुठलं कलम कुणाच्या अंगावर येणार ते आधी बघतो. १९६७ ला त्या उपमंत्री झाल्या, खात्यांमध्ये दारूबंदी होती. १९४९ चा दारूबंदी कायदा म्हणजे परवाने, जप्ती, पंचनामे, खटले. अर्धं कोर्टच ते! तिथे एलएल.बी. वाया गेली असं मला तरी वाटत नाही.

भुसावळकर
काँग्रेसच्या लाटेचं बोलत असाल तर एदलाबादला या, म्हणजे आताचं मुक्ताईनगर. १९६७, ७२, ७८, ८० अशा ओळीने चार निवडणुका. ७८ ला तर काँग्रेसच फुटलेली. पुढे शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारसमोर १९७९ ला विरोधी पक्षनेत्या. तेव्हा कुठली लाट होती?

तापीकाठ, रावेर
ते श्रेय आमदारकीचं, वकिलीचं नव्हे. आणि ६७ ला जळगाव का सोडलं?

भुसावळकर
माहेर नाडगावचं, बोदवडजवळ. आपल्या पट्ट्यातून उभं राहायला कारण लागतं का?

बाररूम, धुळे
बरं, मग ‘पेशाने’च्या पुढे काय लिहायचं म्हणता?

तापीकाठ, रावेर
‘आमदार’ लिहा. २७ व्या वर्षापासून १९८५ पर्यंत सलग तेच केलं की!