सेकंड हँड व्हेंटो डीएसजी: घ्यावी की लांब राहावं?

कात्रजकर:
२०१७ ची फोक्सवॅगन व्हेंटो, १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल) डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ५८ हजार किलोमीटर, पहिलाच मालक. घरी बायको, दोन मुलं आणि गुडघेदुखीवाली आई. माझं रोजचं कात्रज ते हिंजवडी. चालवली आणि प्रेमात पडलो. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, गिअरबॉक्स गेला की रडशील. डीएसजीच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनने २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, लोक अजून तेच धरून बसलेत. माझं मत: घ्यावी.

जुनाखिलाडी:
मत पक्कं आहे तर विचारताय कशाला? :)
भीती ऐकीव नाही. ही डीएसजी म्हणजे सात गिअरचा डीक्यू २०० गिअरबॉक्स, दोन्ही क्लच कोरडे. ट्रॅफिकमध्ये गाडी रांगते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि त्याला थंड करायला तेल नसतं. त्यात मेकॅट्रॉनिक युनिट (क्लच आणि गिअर चालवणारा कंट्रोल भाग) गेलं की बिल बघून पोटात गोळा येतो. हिंजवडीसाठी ही गाडी? नकोच.

घाटवळण:
साफ असहमत. माझ्याकडे हाच गिअरबॉक्स आहे, ९४ हजार झाले, क्लच मूळचाच. दर पंधरवड्याला पुणे-कोल्हापूर, खंबाटकी हसत चढते. फक्त रांगू द्यायची नाही. पुढे गाडीभर जागा झाली की मगच ब्रेक सोडायचा.

जुनाखिलाडी:
हिंजवडीत गाडीभर जागा सोडून दाखवा. दोन रिक्षा आणि एक ॲक्टिव्हा घुसतील. तुमचा अनुभव हायवेचा आहे हो.

सिंहगडरोडवाली:
भांडताय छान, पण २०२० च्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) व्हेंटोत डीएसजी नाहीच! १.० टीएसआयला साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा ऑटोमॅटिक) आहे. पत्रा तोच. थोडे पैसे जास्त जातील. जुनीच घ्यायची तर अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापवा आणि मग चढावर रिव्हर्स घ्या. झटके आले तर नमस्कार करून घरी या.
आणि आईंना बसवून बघितलंत का? सेडानची सीट खाली असते.

कात्रजकर:
काल बसवलं. बसली नीट, उतरताना एका हाताने दार आणि दुसऱ्याने मला धरलं. काही बोलली नाही.
बीएस-६ वाली शोधतोय. पण ती २०१७ वाली लाल आहे हो...