मदत हवी आहे: आईचा पहिला विमानप्रवास, जळगाव ते हैदराबाद. गुडघ्यात इम्प्लांट, इन्सुलिन आणि बाळंतिणीचं सामान

नमस्कार मंडळी,

आम्ही चोपड्याचे. धाकटी बहीण हैदराबादला असते, तिचं बाळंतपण दिवाळीच्या आसपास आहे. आई तिच्याकडे दोन महिने राहायला जाणार आहे. आईचं वय ६७. तीन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिनचं पेन घ्यावं लागतं. गाडी बदलत रेल्वेने जायचं म्हणजे रात्रभराची दगदग, म्हणून जळगावहून हैदराबादचं थेट विमान धरलं. सोबत माझा नऊ वर्षांचा मुलगा जाईल. मला आणि बायकोला निघता येत नाही. कापूस वेचणीला आलाय आणि मजूर मिळेल त्या दिवशी शेतात उभं राहावंच लागतं.

आई आजवर विमानात बसलेली नाही. ती घरात अहिराणीच बोलते. काल रात्री मला म्हणाली, "मन्हा गुडघामा लोखंड शे, त्या माले जाऊ देतीन का?" मी हो म्हटलं, पण खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी काकांना घेऊन एका मोठ्या शहरातून विमानाने येत होतो. तपासणीत त्यांच्या पिशवीतल्या खोबऱ्याच्या वाट्या आणि कापराची डबी काढून ठेवली. कुणी ओरडलं नाही, पण मागची सगळी रांग बघत होती. काका घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आईने महिनाभर खपून लेकीसाठी सामान जमवलंय: डिंकाचे लाडू, सुंठ, खारीक, खोबरं, काळा मसाला, लिंबाचं लोणचं, घरचं तूप, बाळाच्या मालिशचं तेल, बिबडे, कुरडया. त्यातलं काही तिच्या डोळ्यांदेखत टेबलावर काढून ठेवलं तर तिला फार लागेल. मला ते होऊ द्यायचं नाही.

म्हणून विचारतो: गुडघ्याच्या इम्प्लांटचं काय करायचं? इन्सुलिन कुठे ठेवायचं? कोणतं सामान कोणत्या बॅगेत? आजी-नातवाला शेजारी जागा मिळेल का, आणि कोणती घ्यावी? विमान पंख्याचं, लहान आहे असं कळलं. अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा.

---

तापीकाठ:

दादा, आधी गुडघ्याचं सांगते, माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत. धातूशोधक चौकटीतून जाताना आवाज येणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आईंना एवढंच शिकवा की चौकटीत शिरण्याआधी गुडघ्यावर हात ठेवून "ऑपरेशन" म्हणायचं. हा शब्द सगळ्यांना कळतो. बायकांची तपासणी पडद्याआडच्या खोलीत महिला कर्मचारीच करते. हातातलं यंत्र फिरवते, गुडघ्याजवळ हाताने चाचपते. मंगळसूत्र, बांगड्या सासूबाईंना कधी काढाव्या लागल्या नाहीत. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जवळ ठेवा. ती बहुतेक कुणी बघत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला हातात कागद असला की धीर येतो.

आणि व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा. तिकीट काढताना राहिली असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून निदान ४८ तास आधी नोंदवा. जळगावचं विमानतळ छोटं आहे, तिथे चालणं फारसं नाही. पण हैदराबादचं शमशाबादचं विमानतळ अवाढव्य आहे. छोटी विमानं बऱ्याचदा लांब उभी करतात आणि तिथून बसने आणतात. व्हीलचेअरवाला माणूस थेट सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणि बाहेर तुमच्या बहिणीच्या माणसापर्यंत सोडतो. आईंना हिंदी जमत नसेल तर हा माणूस सोबत असणं फार मोलाचं आहे. "मी काय लंगडी आहे का" म्हणून त्या नको म्हणतील. माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. तरीही घ्या.

---

केळीबाग:

सामानाबद्दल. काकांच्या बाबतीत झालं ते नियमानेच झालं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, दाबून ठेवलेल्या ढिगात ते आपोआप तापून पेटू शकतं. म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. हातातल्या बॅगेत नाही आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातही नाही. कापूर, काडेपेटी, लायटर यांचंही तसंच, दोन्हीकडे बंदी. देवाचं सामान वेगळं बांधलं असेल तर त्यात वाती-उदबत्तीसोबत कापराची डबी गेली नाही ना, हे तुम्ही स्वतः बघा. बायका सवयीने टाकतात.

खोबऱ्यावर उपाय सोपा आहे. हैदराबादला कुठल्याही किराण्यात "एंडु कोब्बरी" मागितलं की सुकं खोबरं मिळतं. आईंना आधीच सांगा की खोबरं तिकडे घ्यायचं ठरलंय, म्हणजे काढून घेतल्याचं दुःख नको. लाडवात किसून घातलेल्या खोबऱ्याला आम्हाला कधी कुणी हटकलं नाही, दोनदा नेलेत.

काळा मसाला, तिखट, लोणचं, तूप, तेल हे सगळं चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर देऊन टाकतो त्या बॅगेत. तिखटाची पूड आणि लोणचं हातात नेऊ देत नाहीत. तूप घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, झाकणाभोवती चिकटपट्टी, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मग जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. तेलाच्या बाटलीच्या बुचाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावा. बिबडे-कुरडया चुरा होतात, त्या मात्र हातातल्या बॅगेत न्या, त्यांना कुणाची हरकत नसते. लाडूही हातात चालतात. आणि हो, केळी न्या. पिकायला आलेली डझनभर केळी हातात खुशाल जाऊ देतात. २०१६ साली आपल्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तर लेकीला घरची केळी मिळू द्या.

वजन घरीच करा. देशांतर्गत प्रवासाला साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं, पण तुमच्या तिकिटावर छापलंय तेच खरं धरा. धान्य मोजायचा काटा घरी असेलच.

---

पांझरा_धुळे:

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच. पोटातल्या कप्प्यात थंडीने ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. पेन, सुया, साखर मोजायचं यंत्र सगळं एका पारदर्शक पिशवीत, वर डॉक्टरांची चिठ्ठी, चिठ्ठीवर आईंचं नाव आधारवर आहे तसंच.

आता एक गोष्ट जी लोकांना आयत्या वेळी कळते. जळगावहून सुटणारी ही एटीआर ७२ जातीची विमानं आहेत, सत्तरेक माणसांची. वरचे कप्पे अरुंद असतात. चाकाची बॅग त्यात बसली नाही तर शिडीपाशीच मागून घेतात आणि खाली मालाच्या कप्प्यात टाकतात. आईंचं इन्सुलिन त्याच बॅगेत असेल तर ते खाली जाणार! म्हणून औषधांची पिशवी वेगळी, खांद्याला अडकवता येईल अशी छोटी करा आणि मुलाला बजावून ठेवा की आजीची ही पिशवी कुणाकडे द्यायची नाही. पॉवर बँक असेल तर तीही त्याच पिशवीत. ती चेक-इनमध्ये चालत नाही आणि विमानात तिच्यावर मोबाइल लावायचा नाही.

जागेचं: एटीआरमध्ये दोन-दोन खुर्च्या असतात, मधली खुर्ची नाहीच. म्हणजे आजी आणि नातू दोघंच शेजारी, तिसरं कुणी नाही. चढायचा दरवाजा मागे असतो आणि विमान जमिनीला इतकं जवळ असतं की मोजक्याच पायऱ्या. मागच्या तीन-चार रांगांतली जागा घ्या. चालणं कमी, स्वच्छतागृह जवळ, आणि पंख्यांचा आवाज पुढे बसणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी. मागे हिसके थोडे जास्त जाणवतात, आईंना गाडी लागत असेल तर मधल्या रांगा बऱ्या. गुडघा उजवा आहे तर उजवा पाय मोकळ्या वाटेकडे सोडता येईल अशी खुर्ची बघा. म्हणजे विमानाच्या तोंडाकडे बघून डाव्या बाजूच्या जोडीतली वाटेकडची, आणि खिडकी नातवाला. पंख वर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं, पोरगा खूश होईल.

शेजारी जागेची काळजी करू नका. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-बाबांशेजारी किंवा पालकाशेजारी बसवायचं, असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. फक्त दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असू द्या. वेगळी काढली असतील तर आजच फोन करून सांगा.

---

मूळ धागाकर्ता:

तिघांचेही मनापासून आभार. तिकिटं खरंच वेगळी निघाली होती! आईचं मी काढलं होतं आणि मुलाचं बहिणीने. आज फोन करून जोडून घेतलं, व्हीलचेअरही नोंदवली. खोबऱ्याचं आईला समजावलं. पेटण्याचं कारण सांगितल्यावर लगेच पटलं, म्हणाली मग काकांची काही चूक नव्हती तर. हे मी काकांनाही फोन करून सांगितलं.

एक राहिलं. उतरताना तिचे कान दुखतील का? आणि मुलाने दिवाळी म्हणून बॅगेत काय काय भरलंय, बघतोच आहे.

---

तापीकाठ:

मुलाची बॅग तुम्ही स्वतः रिकामी करून परत भरा. फुलबाजे, टिकल्या, फटाके काहीही कुठल्याच बॅगेत चालत नाही, आणि टिकल्यांचं खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा हातात नेऊ देत नाहीत. मुलाचं आधार किंवा फोटो असलेलं शाळेचं ओळखपत्र सोबत द्या.

कानासाठी खडीसाखरेचा खडा मुलाला, आणि आईंना साखर नको म्हणून लवंग किंवा बडीशेप. उतरायला लागलं की चघळत राहायचं, आवंढा गिळत राहायचा. झोप लागली असेल तर मुलाने आजीला उठवायचं, झोपेत गिळणं कमी होतं म्हणून कान जास्त दडतात. त्या दिवशी जोराची सर्दी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच निघा. आणि विमानाला उशीर होऊ शकतो, म्हणून आईंच्या पिशवीत कळण्याची भाकरी आणि कोरडी चटणी असू द्या. इन्सुलिन घेतल्यावर उपाशी राहायला नको.

---

मूळ धागाकर्ता:

पोहोचले दोघंही. सविस्तर लिहितो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

विमान सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होतं, म्हणून आम्ही दोन तास आधी गेलो. बॅग १४ किलो २०० ग्रॅम भरली. चौकटीत आवाज आला, आईने गुडघ्यावर हात ठेवला, आतल्या ताईंनी तिला आधी स्टुलावर बसवलं आणि मग तपासलं. मुलाच्या बॅगेतून आदल्या रात्री टिकल्यांच्या तीन डब्या निघाल्या होत्या. चाकाची बॅग शिडीपाशी मागितलीच. मुलाने औषधांची पिशवी पोटाशी धरून ठेवली होती. वरून शेतं दिसायला लागली तेव्हा त्याने आजीला "आपलं कोणतं" विचारलं आणि तिने म्हणे बोट करून दाखवलंही.

तुपाचा डबा कोरडाच निघाला. बहिणीला मुलगी झाली, दोघी घरी आल्या आहेत. परतीचं तिकीट काढताना आईनेच फोनवर सांगितलं की जागा मागचीच घे, अठरावी रांग असली तरी चालेल.